गीतारहस्यातली ट्राम

पुण्यात ट्राम कधीच नव्हती. मुंबईत 1874 साली घोड्यांची ट्राम आली, 1907 साली विजेची आली आणि 1964 साली ती मोडीतही निघाली. पुणं टांग्यातून उतरून सायकलीवर बसलं, सायकलीवरून स्कूटरवर गेलं आणि 2022 साली एकदम मेट्रोत शिरलं. तरी इथल्या अनेक घरांत, बहुधा देवघराजवळच्या फळीवर, शंभरावर वर्षं एक ट्राम उभी आहे. ती लोकमान्य टिळकांच्या ‘श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र’ या ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणात आहे. फळीवरून ग्रंथ क्वचितच खाली येत असल्यामुळे तिच्यात बसलेली माणसं मला फारशी भेटलेली नाहीत.

ग्रंथ उघडणारे बहुतेक जण मागच्या बाजूने उघडतात. मागे गीतेचे श्लोक आहेत, त्यांखाली मराठी अर्थ आहे, टीपा आहेत. पुढची पंधरा प्रकरणं म्हणजे खरं ‘रहस्य’, आणि ती जाडजूड. त्यातल्या चौथ्या प्रकरणाचं नाव ‘आधिभौतिक सुखवाद’. हे नाव वाचून उत्साहाने पुढे सरसावणारा वाचक विरळाच. माझी प्रत अप्पा बळवंत चौकातल्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडची. सुरुवातीची पानं गेलेली, त्यामुळे आवृत्ती कुठली ते कळत नाही. पण चौथं प्रकरण शाबूत आहे आणि मी ग्रंथ तिथूनच वाचायला घेतला.

ट्रामची गोष्ट अशी. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात ट्रामची फार गरज असते. कंपनीचा व्यवस्थापक परवानगी मागतो, कचेरी ढिम्म हलत नाही. शेवटी तो अधिकाऱ्यांचे हात ओले करतो. परवानगी मिळते, रूळ पडतात, गाडी धावू लागते, सगळ्या शहराची सोय होते. पुढे लाच उघडकीला येते आणि त्याच्यावर खटला भरला जातो. पहिल्या ज्यूरीत एकमत होत नाही. दुसरी ज्यूरी नेमतात, ती त्याला दोषी ठरवते आणि शिक्षा होते. ही गोष्ट टिळकांची नाही. पॉल कारुस या अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन तत्त्वचिंतकाच्या नीतिशास्त्रावरच्या पुस्तकातून त्यांनी ती उचलली. उचलताना नजर मात्र जवाहिऱ्याची होती.

खून, दगाबाजी, चोरी असं काही उदाहरणाला घेतलं असतं तर वाचकाने आधीच मान डोलावली असती आणि विचार तिथेच थांबला असता. इथे कुणाचं नुकसान दिसत नाही. प्रवाशाला गाडी मिळाली, मजुराचा वेळ वाचला, कंपनीला नफा झाला आणि अधिकाऱ्याचं तर भलंच झालं. किती जणांना किती सुख झालं यावर नीती मोजणाऱ्या बेंथॅम आणि मिल यांच्या तराजूत हे कृत्य टाकलं तर सुखाचं पारडं जमिनीला टेकतं. आणि तरीही ते बरं नव्हे, असं आपल्याला वाटतं. का वाटतं? टिळकांनी गोष्टीतून एकेक वस्तू बाहेर काढून ठेवली आहे, आणि शेवटी त्या व्यवस्थापकाच्या बुद्धीखेरीज तपासायला काही उरत नाही. कर्म चांगलं की वाईट हे बाहेरच्या फळावरून ठरत नाही, कर्त्याची बुद्धी कशी होती ते पाहावं लागतं, हा त्यांना हवा असलेला निष्कर्ष. तो त्यांनी वाचकाला सांगण्याआधी वाचकाच्याच तोंडून वदवून घेतला आहे. आणि ग्रंथ बाहेर आला त्या 1915 साली खेड्यापाड्यांत ट्राम कुणी पाहिली नव्हती म्हणून काही अडत नव्हतं. हलत नसलेला कागद आणि त्या कागदाला लागणारं वंगण प्रत्येकाच्या ओळखीचं होतं.

इथे एक गंमत नोंदवतो. फिलिपा फूट या इंग्लिश तत्त्वज्ञ बाईंनी 1967 साली एका निबंधात सुसाट सुटलेल्या ट्रामचं कोडं घातलं: एका रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक, चालकाने गाडी कुठे वळवावी? पुढे अमेरिकेत ‘ट्रॉली प्रॉब्लेम’ या नावाने ते इतकं गाजलं की आता चालकाविना धावणाऱ्या मोटारींवरच्या चर्चेतही ते हमखास येतं. आमच्या फळीवरची ट्राम त्याच्या बावन्न वर्षं आधीची. तिच्यात रक्त नाही, किंचाळ्या नाहीत. फक्त टेबलाखालून सरकवलेलं पाकीट. मला तीच अधिक अवघड वाटते. पाच माणसं रुळावर बांधून ठेवलेली आपल्याला आयुष्यात भेटत नाहीत, पाकीट दर आठवड्याला भेटतं.

या गोष्टीत दोन ज्यूरी आहेत, हेही सहज सोडून देण्यासारखं नाही. 1908 सालच्या जुलैत मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे राजद्रोहाचा खटला चालला. नऊ जणांच्या ज्यूरीतल्या सात युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवलं, दोन हिंदी सभासदांनी निर्दोष. सात विरुद्ध दोन, आणि सहा वर्षं मंडाले. तिथल्या लाकडी कोठडीत, 1910-11 च्या हिवाळ्यात, साधारण पाच महिन्यांत हा ग्रंथ लिहिला गेला. शाई नाही, शिसपेन्सिलीने, पानं मोजून दिलेल्या बांधीव वह्यांत. सुटे कागद द्यायला सरकार तयार नव्हतं. ‘पुष्कळांच्या’ मतावरून सत्य ठरतं का, हा प्रश्न या माणसाने मिलच्या पुस्तकातून शिकावा अशी काही गरज नव्हती. याच प्रकरणात ते विचारतात की कौरवांकडे अकरा अक्षौहिणी आणि पांडवांकडे सात, तर अकरांच्या सुखासाठी पांडवांचं चुकलं म्हणायचं का? महाभारत पाठ असलेल्या वाचकाला हा आकडा असा उलटून कधी दिसला नसेल. मला तो वाचताना दर वेळी त्या नऊ खुर्च्या दिसतात. टिळकांनी स्वतःच्या खटल्याचा तिथे उल्लेख केलेला नाही, आणि हा मोह आवरल्याबद्दल त्यांच्यातल्या लेखकाला दाद द्यायला हवी.

आता शब्दांकडे येतो, कारण या ग्रंथाचा रस मला सर्वांत जास्त तिथे लागतो. बेंथॅमच्या सूत्रासाठी टिळक ‘पुष्कळांचें पुष्कळ सुख’ असा प्रयोग वापरतात. जिभेवर घोळवून पाहा. ‘पुष्कळ’ हा घरातला शब्द आहे; आमटी पुष्कळ झाली, पाऊस पुष्कळ पडला. मूळ इंग्रजीत ‘सर्वाधिक’ आहे, मोजणीचा काटा आहे. मराठीत तो काटा गळून पडला. तक्रार करायचीच तर करता येईल, की बेंथॅमचं गणित टिळकांनी सैल केलं. पण नंतरच्या क्रमिक पुस्तकांतलं ‘महत्तम लोकांचे महत्तम सुख’ वाचा आणि सांगा, त्याच्याशी भांडावंसं वाटतं का? परीक्षेत लिहावंसं तेवढं वाटतं. ‘पुष्कळांचं पुष्कळ सुख’ म्हटलं की ओसरीवरचा माणूसही विचारतो, ‘पुष्कळ म्हणजे कोण हो? आणि उरलेले?’

कारागिरीचा याहून धाडसी नमुना तिसऱ्या प्रकरणात आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑगस्त काँत याने मानवी ज्ञानाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. आधी माणूस सगळीकडे देव पाहतो, मग देवांच्या जागी अमूर्त तत्त्वं बसवतो आणि शेवटी शहाणा होऊन डोळ्यांना दिसणाऱ्या, मोजता येणाऱ्या गोष्टींपाशी येतो. टिळक या तिन्हींना आपल्याकडची जुनी नावं देतात: आधिदैविक, आध्यात्मिक, आधिभौतिक. समजावण्यासाठी सूर्य घेतात. उष्णता आणि प्रकाश देणारा जड गोळा म्हणून सूर्य पाहणं वेगळं, देवता म्हणून पाहणं वेगळं, आणि त्यामागच्या एका चैतन्याचा विचार करणं वेगळं. इतपत सगळं सरळ. पण नावं देता देता जिन्याची वरची पायरी खाली आणि मधली वर आली आहे. काँतच्या जिन्यावर आधिभौतिक सर्वांत वर होतं, टिळकांच्या जिन्यावर आध्यात्मिक. चोरून केलेलं नाही. काँतचं मत काय आणि आपलं कुठे वेगळं ते त्यांनी सांगितलं आहे. तरी नव्या वाचकावर त्या संस्कृत नावांचा परिणाम युक्तिवादाच्या आधीच होतो. ‘आध्यात्मिक’ हा शब्द ऐकल्यावर त्याला खालच्या पायरीवर बसवायला मराठी मन सहजी तयार होत नाही. निम्मी लढाई बारशातच जिंकली जाते.

जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या बाबतीत मात्र बारसं जरा फसलं आहे असं मला वाटतं. कांटने 1781 आणि 1788 साली दोन निरनिराळ्या ग्रंथांत शुद्ध बुद्धी आणि व्यावहारिक बुद्धी यांची मीमांसा केली. टिळकांनी त्यांच्या शेजारी गीतेतली व्यवसायात्मक बुद्धी आणि वासनात्मक बुद्धी उभी केली. जोडी देखणी आहे. फक्त कांटची व्यावहारिक बुद्धी ही इच्छा-आवडींना दूर सारून कर्तव्याचा हुकूम देणारी, आणि आपल्याकडे ‘वासना’ म्हटलं की नेमकं तेच आठवतं जे तिने दूर सारायचं आहे. टिळकांच्या लेखणीत वासना म्हणजे नुसती हाव नाही, संकल्प करणारी शक्तीही तीच, आणि ती शुद्ध होऊ शकते. हे ध्यानात ठेवून वाचलं तर गाठ बसते. ध्यानात ठेवायला कुणी सांगत नाही, एवढंच. सहाव्या प्रकरणात मन आणि बुद्धी यांतला फरक सांगताना ते शरीराचा कारखाना करतात, इंद्रियांच्या दारांतून माल आत घेतात, मनाला कारकून नेमतात आणि बुद्धीला न्यायाधीश. कारकून कागद पुढे मांडतो, निकाल न्यायाधीश देतो. कांटच्या पानापानाला धाप लागते. इथे कचेरीत जाऊन आलेल्या कुणालाही बुद्धीचा अधिकार समजतो.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा आपल्याला उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी चौथं प्रकरण वाचायला देतो. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष नावाची एक सभ्यता आहे: प्रतिपक्षाचं म्हणणं आधी मांडायचं, आणि तो स्वतः मांडेल त्याहून चांगलं मांडायचं. टिळकांनी हॉब्स, हेल्वेशियस, मिल, सिज्विक यांना पूर्वपक्षाच्या पाटावर बसवलं. चार्वाक पहिल्या पाटावर, त्याच्याशेजारी हॉब्स, मग स्वार्थ आणि परार्थ यांची सांगड घालणारे, मग सगळ्यांचं सुख मोजणारे. पंगत मांडावी तशी मांडणी, वाढप भरपूर. दुसऱ्याला मोठा केल्याशिवाय त्याच्याशी भांडण्यात राम नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे. परक्या विचाराचा असा पाहुणचार त्याआधी मराठीत कमी झाला होता आणि नंतरही फार झाला नाही. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली पुण्यातून 1974 साली मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड निघाले. 1983 च्या जुलैत पुण्यातच मे. पुं. रेगे आणि दयाकृष्ण यांनी नैयायिक पंडितांपुढे रसेलची विधानमीमांसा संस्कृतात ठेवून त्यांना वादाला बोलावलं. तो वाद पुढे ‘संवाद’ या नावाने ग्रंथरूपात आला. हे दोन्ही उद्योग मला त्या पंगतीचेच पुढचे पाट वाटतात.

पण पंगतीत एक पाट रिकामा आहे, आणि चौथं प्रकरण वाचताना माझी नजर सारखी तिकडे जाते. तो गोपाळ गणेश आगरकरांचा. डेक्कन कॉलेजात दोघे मित्र एकत्र होते. शाळा काढण्याचे बेत तिथेच झाले. मिल आणि स्पेन्सर ही आगरकरांची दैवतं, अर्थात त्यांना दैवत हा शब्द आवडला नसता. 1887 साली त्यांनी ‘केसरी’ सोडला, 1888 साली ‘सुधारक’ काढला आणि 1895 साली, वयाची चाळिशीही न गाठता, फर्ग्युसनचे प्राचार्य असताना ते गेले. मंडालेत टिळक मिलला उत्तर देत होते तेव्हा मिलची बाजू मराठीत मांडू शकणारा पुण्यातला सर्वांत समर्थ वकील पंधरा वर्षांपूर्वीच गेला होता. या प्रकरणातला मिल काही जागी फार सुसंस्कृतपणे हरतो. समोर आगरकर असते तर तो असा हरला नसता, असं मला वाटतं.

काय म्हणाले असते आगरकर? मी त्यांच्या तोंडी शब्द घालत नाही, पण त्यांचे विषय सगळ्यांना ठाऊक आहेत. 1891 साली संमतिवयाचा कायदा आला, मुलीचं संमतिवय दहाचं बारा झालं. आगरकर कायद्याच्या बाजूने, टिळक विरुद्ध. परक्या सरकारने आमच्या समाजाच्या सुधारणेत हात घालू नये, ही टिळकांची भूमिका. तिच्यात बुद्धीचा प्रश्न आहे, स्वत्वाचा आहे, अधिकाराचा आहे. दहा वर्षांच्या मुलीच्या दुःखाचा आकडा मात्र त्या हिशेबात सापडत नाही. सुखदुःख मोजणाऱ्या मिलचा तराजू ओबडधोबड असेल, पण त्यात ती मुलगी बसते. केशवपनासाठी न्हाव्यापुढे बसवलेली विधवाही बसते. कर्त्याची बुद्धी सम आणि शुद्ध आहे की नाही हे पाहा, असं म्हटलं की आपलं सगळं लक्ष कर्त्यावर जातं. ज्याच्यावर कर्म घडतं तो कोपऱ्यातच राहतो. टिळकांपाशी याला उत्तर नाही असं नाही. ज्याला सर्वांभूती समत्व आलं त्याला त्या मुलीचं दुःख आपलंच वाटेल, हे ते म्हणू शकतात आणि ‘सर्वभूतहित’ हा शब्द ग्रंथात पुन्हा पुन्हा येतो. पण ट्रामच्या गोष्टीत जी धार आहे ती या उत्तराला नाही. शिवाय समत्व यायला वेळ लागतो, आणि दहाव्या वर्षाला लागून अकरावं येतं.

माझ्या प्रतीत ट्रामच्या पानावर समासात कुणा पूर्वीच्या मालकाने शिसपेन्सिलीने चार शब्द लिहिले आहेत: ‘मग ट्राम उखडायची का?’ प्रश्न चोख आहे. व्यवस्थापक तुरुंगात गेला, लोक मात्र रोज त्याच गाडीने कामावर जात राहिले. कर्त्याच्या नीतीचा निकाल लागला, ट्रामचं काय करायचं याचा लागला नाही. लोकांसाठी कायदे करताना, सोयी आखताना पुष्कळांच्या सुखाचा हिशेब उपयोगी पडतो हे टिळकांनाही मान्य आहे. त्यांचा आक्षेप त्याला नीतीचा शेवटचा कस मानण्याला आहे. म्हणजे ट्राम राहू द्यायची. पण मग पुढच्या व्यवस्थापकाला काय कळतं?

हा प्रश्न मला वेताळ टेकडीवर आठवतो. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या अंगावरून रस्ता काढायचा, असा महापालिकेचा जुना बेत आहे, आणि 2023 च्या एप्रिलात त्याविरुद्ध पुणेकरांनी मोठा मोर्चा काढला होता. सकाळी फिरायला येणाऱ्यांत अजूनही त्यावरून जुंपते. एक गृहस्थ लॉ कॉलेज रस्त्यावरच्या वाहनांच्या रांगांचं वर्णन करतात आणि झाडं किती, माणसं किती असं विचारतात. नकळत बेंथॅम बोलत असतो. दुसरे, टेकडी जमिनीत मुरवते त्या पाण्याचा हिशेब मांडतात. तोही बेंथॅमच, फक्त त्याच्या पुष्कळांत उद्याची माणसंही धरलेली. एक बाई म्हणतात, टेकडी आपल्या मालकीचीच नाही, मग मोजता कसलं? त्यांना कांट म्हणावं की ज्ञानेश्वर, मला ठरवता येत नाही. मोराचा आवाज येतो, सगळे गप्प होतात, आणि मग पुन्हा सुरू. कुणीच रहस्य वाचलेलं नाही. वाचलं असतं तर एकमत झालं असतं असंही नाही, पण प्रत्येकाला आपण कुठल्या पाटावर बसलो आहोत ते कळलं असतं आणि आवाज थोडा खाली आला असता. किंवा चढलाही असता.

शेवटी दुसऱ्या प्रकरणाकडे परत जातो, कारण चौथ्याची चव घेऊन ते वाचलं की त्यात वेगळंच काही दिसतं. ‘कर्मजिज्ञासा’ सुरू होते ती अर्जुनासारख्याच पेचात सापडलेल्या दोघांपासून, आणि ते दोघेही शेक्सपिअरचे: हॅम्लेट आणि कोरिओलेनस. बापाचा खून चुलत्याने केला, त्याच चुलत्याशी आईने लग्न लावलं, आता करायचं काय? हॅम्लेटला कृष्णासारखा कुणी वाट दाखवणारा भेटला नाही म्हणून त्याचं तसं झालं, असा टिळकांचा अभिप्राय. गीतेवरच्या ग्रंथाच्या दारात डेन्मार्कचा राजपुत्र कशाला, असं पहिल्यांदा वाचताना वाटलं होतं.

1882 साली कोल्हापूर प्रकरणात अब्रुनुकसानीबद्दल टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी एकशेएक दिवस काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं. कोठडीत दोघांचा वाद असा रंगे की आवाज ऐकून पहारेकऱ्याला गप्प बसवायला यावं लागे. त्याच तुरुंगात आगरकर एक भाषांतर करत होते. ते 1883 साली ‘विकारविलसित’ या नावाने बाहेर आलं. मूळ नाटक ‘हॅम्लेट’.